तिळगूळ कोणास द्यावा?

संक्रांतीचा सण आला की आमच्या चिकोडीत एकच मागणे दोन भाषांत ऐकू येते. एका दारात 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असे म्हणतात, तर शेजारच्या दारात 'एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि' असे म्हणतात. मूठभर तिळांच्या बदल्यात आपण माणसाजवळ वर्षभराचे सौजन्य मागतो. हे मागणे मागताना आमच्या वडीलधाऱ्यांनी घर निवडले नाही. आळीत लिंगायताचे घर असो, जैनाचे असो वा मुसलमानाचे असो, तिळगुळाची वाटी तेथवर गेलीच.

परंतु मध्यंतरी आमच्या एका सभासद कुटुंबात ह्याच वाटीवरून मतभेद झाला. वडिलांचे म्हणणे असे की, आपला सण आपल्यात करावा; ईदेच्या दिवशी 'मुबारक' म्हणत दुसऱ्याच्या दारी जाणे म्हणजे स्वधर्माशी प्रतारणा होय. शहरात नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी निराळीच तोड सुचविली. कोणत्याही सणाचे नाव न घेता सर्वांना 'सणासुदीच्या शुभेच्छा' म्हणावे, म्हणजे कोणाचे मन दुखावणार नाही. दोघेही सज्जन आहेत आणि दोघांचाही हेतू शुद्ध आहे. म्हणूनच ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम वडिलांचे म्हणणे पाहू. 'मुबारक' ह्या अरबी शब्दाचा अर्थ 'मंगलमय' असा आहे. 'आपला सण मंगलमय होवो' असे म्हणणारा मनुष्य शेजाऱ्याचे कल्याण चिंतितो. त्याच्या धर्मग्रंथाखाली तो स्वतःची सही करीत नाही. दसऱ्याच्या सायंकाळी आमचा मुसलमान शेजारी आपट्याचे पान हाती घेऊन 'सोने घ्या' म्हणतो, तेव्हा त्याने आपला धर्म सोडला असे आपण मानतो काय? जो न्याय त्यास, तोच आपणांस. शेजाऱ्याच्या आनंदात दोन शब्द बोलल्याने जी श्रद्धा डळमळते, तिला शब्दांपासून जपण्यापेक्षा तिची मुळे बळकट करणे अधिक अगत्याचे आहे.

आता चिरंजीवांची तोड. तिच्यात सावधपणा आहे, परंतु जवळीक नाही. परिचिताला नावाने हाक न मारता नुसते 'अहो गृहस्थ' म्हणावे, तसे ते होते. शिवाय ही तोड चुकूही शकते. मोहरमच्या दहाव्या दिवशी करबला येथील इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचे स्मरण होते. ती घटना इ. स. ६८० मधील. 'गुड फ्रायडे' हा येशू ख्रिस्ताला क्रुसावर दिल्याचा दिवस. ह्या दिवशी उत्साहाने शुभेच्छा देणारा मनुष्य दुःखाच्या घरी पेढे घेऊन जातो! तेव्हा ज्याला आदर दाखवावयाचा, त्याच्याविषयी थोडे जाणून घेणे ही आदराची पहिली पायरी होय.

जाणून घेण्यासारखे आपल्या भोवतालीच पुष्कळ आहे. गणेशोत्सव भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आरंभतो, आणि दुसऱ्याच दिवशी, पंचमीस, दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व सुरू होते. दोहोंचीही समाप्ती अनंत चतुर्दशीला. आमचे ढोल बस्तीसमोरून जातात, त्या वेळी आत कोणी उपवासाचे व्रत घेऊन बसलेले असते. पर्वानंतर ही मंडळी क्षमावाणीच्या दिवशी सर्वांची क्षमा मागतात. ह्या क्षमायाचनेस उत्तर म्हणून आपण पुढील वर्षी बस्तीसमोर ढोल क्षणभर थांबविले, तर त्याहून सुंदर शुभेच्छा कोणती? सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन घरी रात्री फराळाचे ताट पाठविणे हे प्रेमाचे खरे, परंतु ते अजाण प्रेम होय.

शब्दांपेक्षा वर्तन मोठे, ह्याचा दाखला अलीकडेच मिळाला. आषाढी एकादशी व बकरी ईद २०२२ साली १० जुलै रोजी आणि २०२३ साली २९ जून रोजी एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रातील अनेक गावांत मुस्लिम बांधवांनी एकादशीला कुर्बानी न करण्याचे ठरविले. कुर्बानीस तीन दिवसांची मुभा असल्याने त्यांच्या धर्माज्ञेस बाध आला नाही, आणि वारकऱ्यांचा दिवसही राखला गेला. त्याच २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुंबईतील मुस्लिम संस्थांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर नेली. आपला धर्म न सोडता दुसऱ्यास जागा करून देता येते, हे ह्यांवरून सिद्ध होत नाही काय?

आम्हांसही हा धडा एका शेजाऱ्याने दिला. १९९९ सालची संक्रांत रमजान महिन्यात आली होती. आम्ही भर दुपारी तिळगूळ घेऊन शेजारच्या वृद्ध चाचांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला, रुमालाच्या टोकाला बांधला आणि हसून म्हणाले, 'गोडच बोलू.' त्यांना रोजा आहे, हे आम्हांस घरी परतल्यावर सुचले! सूर्यास्तानंतर रोजा सोडताना त्यांनी तो रुमाल उघडला, असे पुढे त्यांच्या नातवाकडून कळले. आमच्या अज्ञानाचा त्यांनी अपमान मानला नाही आणि आपला नियमही मोडला नाही. दोन्ही बाजू त्या एका गाठीत सांभाळल्या गेल्या.

तेव्हा तिळगूळ सर्वांस द्यावा; मात्र डोळसपणे द्यावा. देवापुढे ठेवलेला नैवेद्य घेणे ज्यांच्या धर्मात बसत नाही, त्यांचा वाटा आधीच निराळा काढावा. कोणी न घेतल्यास राग धरू नये. नम्रपणे नाही म्हणण्याचा अधिकारही आदरातच मोडतो. आणि 'त्यांनी आधी यावे, मग आम्ही जाऊ' हा हिशेब तर मुळीच नको. तो बाजाराचा न्याय झाला, सणाचा नव्हे.

मुसलमानी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सर्व ऋतूंतून फिरून साधारण तेहतीस वर्षांनी पूर्वस्थानी येतो. त्या गणिताने २०३० व २०३१ साली संक्रांत पुन्हा रमजानात येईल. चाचा आज हयात नाहीत. त्यांचा नातू त्याच घरी राहतो. त्या संक्रांतीला आमच्या घरची वाटी त्याच्या दारी सूर्यास्तानंतर जाईल. वाचकहो, आपली वाटी कोणाकडे आणि केव्हा न्यावयाची, हे आपणही आतापासूनच विचारून ठेवावे, ही प्रार्थना.