मोजलेली कुत्री, न मोजलेली मांजरे

देशात १९१९ पासून साधारणतः दर पाच वर्षांनी होत आलेल्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी यांच्याबरोबर कुत्र्याचीही नोंद होते, मांजराची मात्र होत नाही. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील घरगुती मांजरे वाढत आहेत की घटत आहेत, या साध्या प्रश्नाला सरकारी दप्तरात उत्तर सापडत नाही. कुत्र्यांचे आकडे आहेत, पण ते घरातले पाळीव आणि मालक नसलेले भटके अशा दोन रकान्यांत विभागलेले असतात. २०१२ मध्ये देशात सुमारे १.७१ कोटी भटकी कुत्री नोंदली गेली, २०१९ मध्ये १.५३ कोटी. ही घट खरी मानण्यापूर्वी रकान्यांचीच तपासणी करणे योग्य ठरते.

गोदाकाठच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड भागात काय किंवा जिंतूरच्या माळावर काय, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे जनावरे, कडबा आणि अवजारे ठेवण्याच्या जागी, एखादे कुत्रे असतेच. सालगडी त्याला भाकरी टाकतो, ते रानडुकरांवर भुंकते, आणि रात्री गावात लग्नाच्या पंगतीमागे फिरते. राखणीपुरते ते मालकाचे असते. कोणाला चावले की ते कोणाचेच नसते. अशा कुत्र्याला प्रगणकाने कोणत्या रकान्यात घालावे, हे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या उत्तरावर ठरते, आणि ते उत्तर बदलले की एकही कुत्रे न मरता भटक्यांची संख्या घटते.

रकाने बाजूला ठेवले, तर कुत्र्यांच्या संख्येचा मूळ प्रश्न जन्माचा नसून जगण्याचा आहे. कुत्री सुमारे ६३ दिवसांच्या गर्भकाळानंतर विते, आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. तरी गल्ल्या कुत्र्यांनी भरून जात नाहीत, कारण पिल्ले मरतात. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचल्याचे आढळले, आणि बऱ्याच मृत्यूंमागे माणूसच होता. उरलेल्यांची संख्या परिसरातील अन्नावर, म्हणजे त्या जागेच्या धारणक्षमतेवर, ठरते. गिधाडांचे उदाहरण येथे बोलके आहे: जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली, मेलेल्या गुरांचे मांस कुत्र्यांना मोकळे झाले, आणि संशोधकांच्या अंदाजाने १९९२ ते २००३ या काळात देशातील कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली.

मांजराचे गणित धान्याशी जुळलेले होते. ज्वारी बळदात किंवा कणगीत साठवणाऱ्या घराला उंदरांसाठी मांजर हवेच असे, आणि मांजर मारल्यास सोन्याचे मांजर दान करावे लागते या समजुतीने त्याला धार्मिक संरक्षणही दिले. कापूस आणि सोयाबीन ही विकण्याची पिके; ती आल्यावर, पत्र्याच्या कोठ्या आणि उंदराचे विषारी औषध घरात शिरल्यावर मांजराची गरज ओसरली असावी, असा तर्क करता येतो. तो पडताळण्यासाठी गणनेत एक रकाना पुरला असता. शहरी वसाहतींत हौसेने पाळलेली मांजरे दिसतात, पण ती जुन्या मांजरांची भरपाई नव्हे. त्यांचे अन्न दुकानातून येते.

प्राणी जन्म नियंत्रणाचे २००१ चे नियम आणि त्यांची जागा घेणारे २०२३ चे नियम निर्बीजीकरण, म्हणजे प्रजनन थांबवणारी शस्त्रक्रिया, आणि लसीकरणावर भर देतात. जयपुरात अशा कामामुळे साधारण आठ वर्षांत कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले. तेथे ६५ टक्के माद्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, म्हणजे शल्यचिकित्सेचे ज्ञान जिल्ह्यातच आहे. अडते ते छेदापाशी, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण संख्येवर काढायची तिच्यापाशी. रेबीज रोखण्यासाठी ७० टक्के कुत्र्यांना लस हवी असे मानले जाते, पण एकूण किती, हे आखाड्यावरच्या कुत्र्याला दोन्ही रकान्यांबाहेर ठेवून ठरणार नाही. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत नोंदी मोबाइलवर घेण्याची सोय झाली, पण मांजर त्या यादीतही नाही.