राम-रहीम यांना पाप लागतं का?

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, आयुध निर्माणीच्या वसाहतीत मी वाढलो. मनोज कॉमिक्सचे सीक्रेट एजंट राम-रहीम आम्ही भाड्याने आणून वाचायचो. वेष बदलून, खोटी नावं सांगून ते तस्करांचे, दहशतवाद्यांचे अड्डे उडवत. एकदा आईला विचारलं, "हे इतकं खोटं बोलतात, यांना पाप नाही लागत?"

"तुह्या बाबाले इचार."

बाबा हसले. "मी कारखान्यात काय बनवतो, तुले कधी सांगितलं काय?"

पण गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं. कर्णपर्वात कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. त्या सत्यव्रतीने लुटारूंना लपलेल्या माणसांची जागा खरी सांगितली. ती मारली गेली, तो नरकात गेला. म्हणजे जीव वाचवणारं खोटं क्षम्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र हेर तापसाचा वेष घेतात, तिथे मी अडखळतो. मग खऱ्या साधूवर कोण विश्वास ठेवणार?

माझ्यापुरतं उत्तर एवढंच: खोटं बोलावं लागलं, तर त्याचं ओझं वाटत राहावं. ते हलकं झालं की एजंट आणि तस्कर यांच्यात फक्त पगाराचा फरक उरतो.