जुळलेलं उत्तर आणि खरं रीडिंग

पदवीचे निकाल लागले की आपली चर्चा एकाच खुंटीवर जाऊन अडकते : अंतर्गत गुण किती असावेत आणि विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे किती. महाविद्यालयं अंतर्गत गुण खिरापतीसारखे वाटतात, म्हणून ते कमी करा, परीक्षक बाहेरून आणा, जमल्यास सगळंच बहुपर्यायी करा, हा त्यातला सगळ्यात मोठा आवाज. गुण द्यावेत की श्रेणी, हा वाद मला वादच वाटत नाही. मोजलं काय, हे दोन्हींतून कळत नाही. परीक्षाच नकोत म्हणणाऱ्यांना ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलंच आहे : परीक्षेशिवाय पदवी नाही.

‘बाहेरचा परीक्षक म्हणजे न्याय’ हे मत मात्र सहजासहजी झटकता येत नाही, कारण त्यात निम्मं तथ्य आहे. गुणांची खिरापत वाटली जाते, हे मीही नाकारत नाही. पण विज्ञान शाखेपुरतं बोलायचं तर दुखणं त्याच्याही खाली आहे, आणि परीक्षक बदलून ते बरं होणार नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावची एखादी मुलगी बी.एस्सी.ला आहे असं धरू. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा, चिठ्ठीत निघालं बार पेंड्युलम. वीस आंदोलनांना सुमारे ३२ सेकंद लागतात. स्टॉपवॉचवर अंगठा दोन दशांश सेकंद मागेपुढे होणारच. म्हणजे वेळेत ०.६ टक्क्याची त्रुटी. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून गुरुत्व त्वरणाच्या उत्तरात ती दुप्पट, साधारण १२ एककांची (सेंमी प्रति सेकंद वर्ग). तिचं उत्तर ९६८ आलं तर ते चोख आहे. शेजारच्याने काहीही न मोजता पुस्तकातलं ९८० लिहिलं. जादा गुण कोणाला मिळतील, हे प्रयोगशाळेत उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. गंमत म्हणजे पुस्तकातला ९८० हा आकडा हिंगोलीचा नाहीच. इथला अक्षांश आणि उंची धरली तर तो ९७८ आणि ९७९ च्या मध्ये येतो. रसायनशास्त्रात तेच. टायट्रेशन तीनदा करायचं असतं, पहिल्यांदा ९.८ आलं की तोच आकडा खाली दोनदा उतरतो, कारण ‘कॉन्स्टंट रीडिंग’चा रकाना भरायचा असतो.

आता बाहेरचा परीक्षक आणा. तो शेजारच्या तालुक्यातून येतो, तिथेही हेच पेंड्युलम, हाच ९८०. बरं, माणूसच नको, बहुपर्यायी प्रश्न द्या. त्रुटीचं सूत्र कोणतं, हे त्यात विचारता येईल. स्वतःच्या रीडिंगमधली त्रुटी ती मुलगी कबूल करील का, हे चार पर्यायांत बसत नाही. बरं, तपासणीच यंत्रावर न्या. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका पडद्यावर तपासल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पण ती व्यवस्था सुरळीत चालली असती तरी माझा आक्षेप कायम राहिला असता. निःपक्षपातीपणा गुण देणाऱ्याचा गुण आहे. ज्याला गुण द्यायचे ते योग्य आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही.

विज्ञान स्वतःची परीक्षा कशी घेतं, ते याच जिल्ह्याला लवकरच जवळून दिसेल. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ची वेधशाळा उभी राहते आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. याच प्रकल्पाच्या अमेरिकेतल्या यंत्रांत सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या लोकांनी गुपचूप एक खोटा संकेत घातला. बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांनी तो तपासला, शोधनिबंधही लिहून ठेवला आणि मार्च २०११ मध्ये गुपिताचा लिफाफा उघडल्यावर खरं काय ते त्यांना कळलं. तरी कोणी नापास झालं नाही. कसोटी होती ती संकेत कितपत भरवशाचा, हे त्यांनी किती काटेकोरपणे सांगितलं याची.

माझं म्हणणं एवढ्याच भेदावर उभं आहे. उत्तर जुळवता येणं वेगळं, आणि आपल्या उत्तराची जबाबदारी घेता येणं वेगळं. पहिलं वहीतून उतरवता येतं. दुसरं उतरवता येत नाही, कारण प्रत्येकाचा अंगठा वेगळा आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. म्हणून प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण ‘अधिक-उणे’च्या उजवीकडच्या आकड्याला, म्हणजे त्रुटीला, द्यावेत आणि तो कुठून आला, हे तोंडी परीक्षेत विचारावं. ७०० अधिक-उणे १२ लिहिणारीचे गुण जरूर कापा. तिने त्रुटी ओळखलीच नाही. ९६८ अधिक-उणे १२ लिहिणारीला पूर्ण द्या. आणि नुसतं ९८० लिहून थांबणाऱ्याला, त्याची वही कितीही सुबक असो, परीक्षक आतला असो की बाहेरचा, विज्ञानाचा पदवीधर म्हणू नये.