खरे, पण कोणाचे?

भोर तालुक्यातील आंबवडे गावी झुलता पूल ओलांडून नागेश्वराच्या देवळाकडे जाता येते. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्याही याच गावी आहेत. साहजिकच वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांना आंबवड्याचे आकर्षण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील युवकांची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. रस्त्याकडेला विक्रीस बसलेल्या एका आजींनी पिशवीतून एक कात्रण काढून मला दाखविले. त्यात त्यांचे छायाचित्र होते आणि त्यांच्याविषयीचा लेख होता. पतीचे अकाली निधन, मुलाचे दारूचे व्यसन, एकटीने ओढलेला संसाराचा गाडा हे सारे लेखकाने मोठ्या सहानुभूतीने लिहिले होते.

"आजी, चांगलं लिहिलंय," मी म्हणालो.

"खोटं काय बी न्हाई, बाबा. पर ह्ये छापून आलं आन् नातीचं जमल्यालं लगीन मोडलं."

"मग कात्रण जपून का ठेवलंत?"

"फोटू येवढा येकच हाय माजा."

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आठव्या आज्ञेखाली आम्हांला दोन पापांतील भेद शिकविला जाई. एखाद्यावर खोटा आळ घेणे हे एक. आणि पुरेशा कारणावाचून त्याचा खरा दोष, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघड करणे हे दुसरे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही हा भेद आहे. तरुणपणी मला पहिले पाप जड वाटे. आता वाटते, भरपाईच्या दृष्टीने दुसरेच अधिक अवघड. खोटे छापले तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. खरे छापले तर मागे काय घ्यायचे?

या प्रश्नाला मराठीत ज्यांनी थेट हात घातला, ते विजय तेंडुलकर स्वतः वृत्तपत्राच्या कचेरीत वाढलेले. 'मराठा', 'लोकसत्ता' अशा दैनिकांत त्यांनी संपादकीय काम केले, सदरे लिहिली. १९८१ साली 'इंडियन एक्स्प्रेस'चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची खरेदीविक्री चालते हे सिद्ध करण्यासाठी कमला नावाची एक स्त्री २,३०० रुपयांना विकत घेतली आणि ती बातमी देशभर गाजली. त्यावरून तेंडुलकरांनी 'कमला' हे नाटक लिहिले. नाटकातील पत्रकार जयसिंग जाधव कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो. त्याचे नाव होते, तिचे काय होते याकडे त्याचे लक्ष नसते. तीच कमला घरच्या मालकिणीला सहजपणे विचारते, की तुम्हांला केवढ्याला घेतले? कचेरीत बसून इतरांच्या दुःखाचे मथळे ज्याने केले आहेत, त्यालाच हा प्रश्न सुचावा असे मला वाटते.

सरीन यांनी ते धाडस केले नसते तर तो बाजार अंधारातच राहिला असता, हेही मान्य केले पाहिजे. लोकहितासाठी कटू सत्य उघड करण्याचे कारण येथे निश्चित होते. परंतु ते कारण बाजाराला लागू पडते, विकणाऱ्यांना लागू पडते. कमलाला ते लागू पडते काय? आणि आंबवड्याच्या आजींच्या बाबतीत तर वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यापलीकडे कारणच नव्हते. येथे संपादकाची जबाबदारी लेखकाहून मोठी. लेखक त्या माणसासमोर बसलेला असतो, भारावलेला असतो. संपादक दूर असतो, त्याच्या हाती लाल शाई असते. मुलाच्या व्यसनाचे ते एक वाक्य कापले असते तर लेखाचे फारसे काही गेले नसते.

योहानच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीचे पाच पती प्रभू येशूला ठाऊक होते. तो ते तिच्याशीच बोलला, तेही शिष्य अन्न विकत घ्यायला गेलेले असताना. गावात जाऊन सांगितले ते तिने स्वतः.

हे लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण धर्मगुरूचे प्रवचन म्हणजे तरी काय, तोंडी पुरवणीच! एका उपवासकाळात मी वेदीवरून एका कुटुंबाची हकीकत सांगितली. पापनिवेदनातील नव्हे, त्यांच्या ओसरीवर बसून ऐकलेली. नाव घेतले नव्हते; पण लहानशा धर्मग्रामात नावाची गरज लागत नाही. प्रवचन लोकांना फार आवडले. त्या घरची आई मात्र पुढे दोन वर्षे शेजारच्या चर्चमध्ये मिस्साला जात होती.

आंबवड्याच्या आजींना विचारण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही. त्या काय विकत होत्या, लेख कोणत्या वृत्तपत्रात आला, हे म्हणूनच मी लिहिलेले नाही. तेवढ्याने भागले की नाही, कोण जाणे. या आईला मात्र विचारता येणे शक्य होते. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि त्रैमासिकात हे लिहू का, असे विचारले. त्यांनी चहा ठेवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही प्रवचनात सांगितलंत एवढं लिहा, फादर. काय सांगितलंत ते नको."