त्रास किती, हे कोण ठरवणार?

कांजूरमार्ग स्थानकाचा पूल चढताना खोकल्याची उबळ येते आणि लघवी सुटते. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या कितीतरी बायकांचं हे दुखणं. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं, म्हणून मग पाणी पिणंच कमी होतं. २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली आणि बायकांच्या लघवीचा विषय चारचौघांत आला. पण ती मागणी मुताऱ्यांची होती. लघवी धरताच न येण्याबद्दल घरातही कोणी बोलत नाही.

या मौनाचं एक मूळ देव्हाऱ्यापाशी आहे. कपडा ओला झाला की सोवळं मोडलं; मग पूजेला बसायचं कसं? देह घडतोच विटाळातून, तर सोवळा कोण, असा सवाल संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच केला होता. इस्लामच्या हनफी धर्मशास्त्राने (फिकह) नियम कायम ठेवून सवलत दिली: ज्याचा स्राव थांबतच नाही तो ‘माजूर’, त्याला प्रत्येक नमाजाच्या वेळेसाठी एक वुजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं) पुरतो. फक्त खोकताना-शिंकताना गळणारी बाई मात्र त्यात सहसा बसत नाही.

वैद्यकात पहिला उपाय व्यायामाचा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याची डॉ. केगल यांची पद्धत १९४८ची. तेवढ्याने भागलं नाही, तर शस्त्रक्रियेने मूत्रमार्गाला खालून आधार देतात. तो कधी रुग्णेच्याच पोटाच्या आवरणातून काढलेल्या पट्टीचा असतो. १९९०च्या दशकात स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी पॉलिप्रॉपिलिनची जाळीदार फीत आणली. शस्त्रक्रिया छोटी, बरं होणं लवकर. ती जगभर पसरली.

पुढे काही जणींना कायमच्या वेदना सुरू झाल्या, फीत योनिमार्गात रुतली. ती काढणं घालण्याइतकं सोपं नव्हतं. इंग्लंडमध्ये जुलै २०१८मध्ये तिचा वापर स्थगित झाला. याची चौकशी करणाऱ्या तिथल्या कंबरलेज समितीच्या २०२०च्या अहवालात नोंद झाली, की बायका सांगत होत्या आणि त्यांचं ऐकलं जात नव्हतं.

या आजाराने जीव जात नाही, आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो. तपासणीत गळती दिसते. तिच्यापायी भजनी मंडळ सुटलं, हे दिसत नाही. एकीला पॅड पुरतं, दुसरीला जगणं आक्रसल्यासारखं वाटतं. म्हणून शस्त्रक्रिया हवी की नको, हे तिच्या सांगण्यावरच ठरायला हवं. त्यासाठी फीत आणि स्वतःची पट्टी यांतले फायदे-धोके तिला सही करण्याआधी, तिच्या भाषेत कळायला हवेत.