चौपट वीज, दुप्पट ठिणगी

विजेचा दाब लाखो व्होल्टपर्यंत चढवून हवेत ठिणग्या सोडणाऱ्या टेस्ला कॉइलबद्दल ती बांधणाऱ्या हौशी मंडळींचा एक ठोकताळा आहे. आत जितके वॅट जातात त्यांचे वर्गमूळ काढायचे, त्याला १.७ने गुणायचे, कॉइल नीट जुळवलेली असेल तर ठिणगी साधारण तितके इंच जाते. हजार वॅटला ५४ इंच, चार हजारांना १०८. वीज चौपट, ठिणगी दुप्पटच.

हाच हिशेब उत्सवाला लावला, तर खर्च वाढवला की भक्तीही तितकीच वाढते का? कोलकात्याच्या बेहालात हा प्रश्न दर आश्विनात उभा राहतो. तिथल्या बडिशात सावर्ण रायचौधुरी घराण्याची दुर्गापूजा १६१०पासून चालत आली आहे, आणि त्याच परिसरात सार्वजनिक मंडळांचे भव्य मंडपही उभे राहतात. आपल्याकडे गणेशोत्सवात वेगळे काय घडते? ‘देव भावाचा भुकेला’ म्हणून आपण विषय मिटवतो, पण तो इतक्यात मिटत नाही. बडिशा क्लबने २०२०मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, मूल कडेवर घेतलेली स्थलांतरित मजूर आई देवी म्हणून घडवली. ती देशभर लोकांच्या मनाला भिडली, ती रोषणाईमुळे नव्हे.

कॉइलमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. लांब ठिणगी एका झेपेत तयार होत नाही. सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा विजेचा ठोका पडतो. आधीच्या ठोक्याने तापवलेल्या हवेतून पुढचा जातो आणि थोडा पुढे सरकतो. मध्ये फार वेळ गेला तर वाट थंडावते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, सातत्य आणि आदर सांगितला, त्यातले सातत्य इथे डोळ्यांना दिसते.

अर्थात हा दृष्टान्त आहे, पुरावा नव्हे. जडद्रव्य आणि शक्ती एकाच मूळ ऊर्जेची रूपे असल्याचे गणिताने दाखवता येईल असे या कॉइलचे जनक टेस्ला यांना वाटते, हे विवेकानंदांनी १८९६मध्ये पत्रातून कळवले होते. टेस्लांकडून ती सिद्धता आली नाही, म्हणून वेदान्ताचे काही अडले नाही. धर्माने प्रयोगशाळेकडे प्रमाणपत्र मागू नये.

भव्य मंडपात गैर काही नाही. मात्र पुढच्या भाद्रपदात वर्गणी वाढवण्याचा ठराव मांडण्यापूर्वी मंडळांनी रोजच्या आरतीला किती घरांतली माणसे येतात, तेवढे एकदा मोजून पाहावे.