भिणे हे पाप आहे काय?

काही महिन्यांपूर्वी एका वृद्ध प्रचारकाने आम्हांजवळ एक गोष्ट कबूल केली. शेजारच्या वाडीतील प्रार्थना आटोपून रात्री एकटे परतताना ओढ्याकाठचा पिंपळ दिसू लागला की ते मोठमोठ्याने गीत गाऊ लागतात. ते म्हणाले, "पाळकसाहेब, ते गाणे देवासाठी नसते. आमचे वडील पूर्वी मंत्र पुटपुटत, तसेच ते असते. मुंजा नाही असे मी चाळीस वर्षे लोकांस सांगत आलो. पण माझ्या पायांस ते अजून पटलेले नाही." आम्ही त्यांस अल्पविश्वासी म्हटले आणि एक अध्याय वाचावयास सांगून वाटेस लावले. ते आमचे उत्तर चुकीचे होते, म्हणून हा लेख लिहीत आहो.

त्यानंतर मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, एकांत प्रार्थनेकरिता आम्ही अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडील रानात गेलो, आणि परवानगीच्या जागी राहुटी ठोकून एक रात्र एकटेच राहिलो. झाडाझाडांवर काजवे लुकलुकू लागले तेव्हा आमच्या मुखातून देवाची स्तुती निघाली. पुढे कंदील मालवला, आणि घटकाभराने राहुटीमागे सुक्या पाचोळ्यात पावले वाजली. चार पावले, मग शांतता. पुन्हा चार पावले. आमचा हात आपोआप उशाखालच्या कोयत्याकडे गेला.

तेव्हा आम्हांस आमच्या आजीचे स्मरण झाले. ख्रिस्ती होण्यापूर्वी ती बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवीत असे, कारण भूत लोखंडाला भिते अशी समजूत होती. आम्ही स्वतःस विचारले, हा कोयता आपण बिबट्यासाठी जवळ घेतला की आणखी कशासाठी? बिबट्यासाठी असता तर हाताने मूठ धरली असती. पण आम्ही तर नुसत्या पात्याला बोट लावून निपचित पडलो होतो! पुष्कळ वर्षे उपदेश करणाऱ्या मनुष्याच्या उशाखाली आजीचेच लोखंड निघाले.

आम्ही उठलो, दोन शब्दांची प्रार्थना केली, कोयता राहुटीच्या कोपऱ्यात टाकला आणि विजेरी घेऊन बाहेर आलो. वाटेवर, जमिनीलगत, दोन लाल निखारे आमच्याकडे रोखून पाहत होते. पाय थरथरत असताही आम्ही पुढे गेलो, तोच ते निखारे आवाज न करता उडाले. तो रातवा पक्षी होता. निशाचर प्राण्यांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांत आतल्या बाजूस प्रकाश परतवणारा भाग असतो, त्यामुळे उजेड पडताच ते चमकतात. परंतु सत्य सांगावयाचे तर, ती पावले कोणाची हे आम्हांस कळले नाही. आम्ही परत येऊन निजलो, आणि दूरच्या वाडीत कोंबडा आरवेपर्यंत भीत होतो.

तर मग भिणे हे पाप आहे काय? वाचकहो, गेथशेमाने बागेची रात्र डोळ्यांपुढे आणा. प्रभू येशू रात्री झाडांमध्ये होता. त्याचा जीव अति व्याकूळ झाला होता, आणि ते त्याने लपविले नाही. तिघा मित्रांस जवळ जागे राहावयास सांगितले. त्याच रात्री पेत्र मात्र अंगणात होता. तेथे शेकोटी होती, उजेड होता, माणसांची सोबत होती. आणि तेथेच त्याने आपल्या प्रभूला नाकारले. अंधारात थरथरणारा पित्याच्या इच्छेस चिकटून राहिला, उजेडात शेकणारा खोटे बोलला. यावरून दिसते की अंग कापणे हे पाप नव्हे. भयाच्या सांगण्यावरून सत्य सोडणे हे पाप आहे.

शिवाय एक खोटे भय दहा खऱ्या संकटांवर पडदा घालते. जो मुंजाला भितो तो वर फांदीकडे पाहत धावतो, आणि साप तर पायाशी असतो. मण्यार रात्री फिरते; भुईवर निजलेल्यास ती चावली तर पुष्कळदा वेदनाही होत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली. खाटेवर निजणे, मच्छरदाणी नीट खोचणे, विजेरी व काठी घेऊन चालणे, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे घटकाही न घालवता रुग्णालयात प्रतिविष घेणे, हे खऱ्या भयाला दिलेले योग्य उत्तर आहे. कोणी म्हणेल, देव राखणारा असता विजेरी कशाला? त्याने मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूस काय सुचविले होते ते आठवावे.

रानातून परतल्यावर आम्ही त्या वृद्ध प्रचारकांकडे गेलो आणि क्षमा मागितली. सर्व हकिगत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "मग सकाळपर्यंत भ्यालात ना, पाळकसाहेब?" आम्ही होय म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. आमच्या उपदेशाने जे झाले नव्हते ते आमच्या कबुलीने झाले. त्या रात्री आम्ही दोघे पिंपळाखालून गेलो. त्यांनी गीत म्हटले, पण सावकाश, शब्दाशब्दाचा अर्थ मनात घेऊन.

प्रचारक बंधूंनो, तुमच्या मंडळीत असे कित्येक आहेत की ज्यांनी जुने देव सोडले, पण ज्यांस जुन्या भयाने अद्याप सोडलेले नाही. लाजेमुळे ते बोलत नाहीत, आणि आमच्यासारखे लोक त्यांस आणखी लाजवितात. कोणी तुम्हांजवळ आपले भय बोलून दाखविले तर त्यास अल्पविश्वासी म्हणू नका. प्रथम आपल्या उशाखाली काय आहे ते पाहा. मग कंदील घ्या, आणि त्याच्याबरोबर त्या झाडापर्यंत चालत जा.